कुलूपबंद घरांचा विमा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की पोलीस खात्याच्या सूचना वृत्तपत्रांतून झळकू लागतात. खिडक्यांना लोखंडी गज बसवा, दागिने लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा. या सूचनांत गैर काही नाही. परंतु त्या ज्याला उद्देशून असतात, तो गृहस्थ आठ-दहा दिवसांसाठी घर सोडतो आणि विश्रांती घेऊन परततो. देगलूर-मुखेडच्या परिसरात मात्र अधिक काळ बंद राहणारी घरे सहलीला गेलेल्यांची नव्हेत. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांची आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोणी ऊसतोडीला जातो, कोणी हैदराबादला बांधकामावर. मागे उरतात म्हातारी माणसे, नाही तर नुसते कुलूप.

अशा घराच्या खिडकीला गज कुठले? एखादी फळी ठोकलेली असते. आत चार भांडी, थोडे धान्य आणि पत्र्याची पेटी. पेटीत रेशनकार्ड, जमिनीचे कागद, मुलांचे दाखले. बाजारभावाने हा ऐवज क्षुल्लक ठरेल. त्या कुटुंबाची मात्र ती सारी पुंजी असते.

विम्याने याच माणसाला हात द्यायला हवा होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विमाही सार्वजनिक क्षेत्रात आला आणि १०७ विमा संस्थांच्या जागी चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे हे क्षेत्र पुन्हा खासगी भांडवलाला खुले झाले. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही समान अटींची पॉलिसी लागू झाली. आग, पूर, भूकंप यांपासून ती संरक्षण देते, हे स्वागतार्ह आहे. पण चोरीची भरपाई तीत केवळ अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांपुरती मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. आणि त्याची रूढ अट अशी की, कंपनीच्या लेखी संमतीविना घर सलग सात दिवस-रात्री निर्मनुष्य राहिले तर संरक्षण संपते. पाच महिने उसाच्या फडात राबणाऱ्याने या कागदाचे काय करावे?

रिकाम्या घराला धोका अधिक, म्हणून ही अट, असे कंपन्या म्हणतील. हिशेब म्हणून ते खरेही आहे. परंतु विमा म्हणजे संकटाची वाटणी. ज्याचा धोका मोठा त्यालाच वगळायचे, तर वाटणी कसली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गेली. पुनर्वसनासाठी सरकारी तिजोरीबरोबरच जागतिक बँकेच्या कर्जाचा आधार घ्यावा लागला. संकटानंतर समाज खर्च करतोच. मग आधीच थोडा हप्ता भरण्यात अडचण कोणती? वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी सरकारी योजना आज चालू आहे. माणसाच्या जिवासाठी जे शक्य झाले, ते त्याच्या घरासाठी अशक्य का मानावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. स्थलांतरित मजुरांच्या घरांना रिकामेपणाची अट नसलेला सामूहिक विमा द्यावा. ऊसतोड कामगारांचा हप्ता त्यांच्यासाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाने भरावा. घरकुलाच्या अनुदानातच खिडकीच्या गजांचा आणि विम्याचा खर्च धरावा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरील जीएसटी माफ झाला; घरविम्यावरील १८ टक्के कर तसाच राहिला. तोही हटला पाहिजे.

पण सारेच मुंबई-दिल्लीवर सोपवून चालणार नाही. टोळ्या गाव सोडण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी बंद होणाऱ्या घरांची यादी करावी, ती ग्रामपंचायतीत नोंदवावी आणि गावातल्या तरुणांकडून रात्रीच्या गस्तीची हमी घ्यावी. कागदपत्रांच्या प्रती काढून देणे तर एका दिवसाचे काम आहे. मजुराला ‘घराची काळजी करू नको’ एवढे खात्रीने सांगता आले, तरी संघटनेवरचा त्याचा विश्वास दहा सभांनी वाढणार नाही इतका वाढेल.