शुल्काचे मोल आणि शिक्षणाचे मोल

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि पालघर शहर हे त्याचे मुख्यालय ठरले. प्रशासन दाराशी आले. पण बारावीचा निकाल लागला की इथल्या मध्यमवर्गीय घरांत जुनाच प्रश्न उभा राहतो. मुलाला मुंबईला पाठवावे, की घराजवळच्या लहानशा खासगी महाविद्यालयात भरमसाट शुल्क भरून घालावे?

खासगी म्हणजे लुटारू आणि लहान म्हणजे निकृष्ट, ही दोन्ही समीकरणे उतावीळपणाची आहेत. पालघरमधील महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले गेले, ते केळवे-माहीमचे सुपुत्र सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि वारकरी कीर्तनकारही. समाजाच्या आधाराने उभी राहिलेली संस्था ही आपली परंपराच आहे. मात्र १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले आणि शिक्षकाच्या वेतनापासून प्रयोगशाळेपर्यंतचा भार पालकाच्या खिशावर आला. म्हणून हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, तो पालकाचा अधिकार आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा, वर्षाला एक लाख शुल्क आहे आणि दरवर्षीच्या आरंभी तेवढेच कर्ज दहा टक्के सरळ व्याजाने काढले. चार वर्षांअखेर मुद्दल चार लाख आणि व्याज एक लाख होते. हे पाच लाख पाच वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता साडेदहा हजारांच्या वर जातो. पहिल्या नोकरीच्या वेतनातून तो वजा जाता काय उरेल, हे प्रवेशापूर्वीच विचारले पाहिजे. वाडी विकून पदवी आणायची आणि मग हप्त्यासाठी मिळेल ते काम पत्करायचे, यात मुलाचेही हित नाही आणि घराचेही नाही.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली, तरी मुंबईच्या रोजच्या प्रवासात विद्यार्थ्याचे कित्येक तास जातात. वसतिगृहाचा खर्च तर वेगळाच. घराजवळच्या महाविद्यालयात हा वेळ आणि पैसा वाचतो. शिवाय तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. ज्या संस्थेने या कारखान्यांशी जिवंत नाते जोडले, तिचे शुल्क वसूल होते. ज्या संस्थेला तारापूर केवळ माहितीपत्रकावरच्या छायाचित्रापुरते ठाऊक आहे, तिचे होत नाही.

तेव्हा पालकांनी भव्य प्रवेशद्वार न पाहता पूर्णवेळ प्राध्यापक किती, ते किती वर्षे टिकतात, मागील तुकडीतील किती जणांना कोठे काम मिळाले, हे लेखी मागावे. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याहून अधिक मागणी झाल्यास तक्रार करावी. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्याच्या घाईत ही सवलत गमावली जाते.

कार्यकर्त्यांनी ही माहिती वस्तीवस्तीत पोहोचवावी. संस्थाचालकांनीही आपले दप्तर स्वतःहून उघडे करावे. ज्ञानदान म्हणवून घ्यायचे असेल, तर व्यवहार स्वच्छ हवा. आणि व्यवहारच करायचा असेल, तर घेतलेल्या दामाला माल तरी चोख द्यावा.