‘बिनखर्ची’ बालशिक्षणाचा खर्च कोण करतं?

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात एक शब्द हमखास कानी येतो, ‘बिनखर्ची साधनं’. परिसरातल्या वस्तू गोळा करा, त्यातून मुलांना रंग, आकार, संख्या शिकवा. खर्च शून्य! या शून्याबद्दल मला बोलायचं आहे.

मुळात ही वाट दाखवली बायांनीच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात न्यायची. महागडी साधनं परवडत नाहीत, तर शंखशिंपले, बिया, माती घ्यायची. पण त्यामागे निरीक्षण होतं, प्रयोग होते, वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. सरकारने ‘अंगणवाडी’ उचलली आणि ती चालवणाऱ्या शिक्षिकेला ‘मानसेवी’ करून टाकलं.

आमच्या रत्नागिरीत साधनांना तोटा नाही. जांभ्याची तांबडी माती, शिंपले, चिंचोके, करवंट्या, माडाचे हीर. हळदीने रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवलं की तांबडी रेघ उमटते आणि मूल डोळे विस्फारून बघत राहतं. मोठे शिंपले एकीकडे, लहान दुसरीकडे, हे झालं गणित. माती मळून बोटांत जोर येतो, तेव्हा कुठे पेन्सिल धरता येते.

हे ‘सोपं’ आहे का? गुंज दिसायला देखणी, पण विषारी. काजूची बी मोजायला छान, पण फुटली तर टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. चिंचोका तीन वर्षांच्या मुलाच्या नाकात जाऊ शकतो. कोणत्या वयाला काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कधी गप्प बसून बघायचं, याला ज्ञान लागतं. ‘बायकांना मुलांचं जात्याच कळतं’ असं म्हटलं की हे ज्ञान पुसलं जातं आणि त्याची मजुरीही वाचते. घरातल्या स्वयंपाकाचं आपण हेच पाहत आलो आहोत.

शिवाय बिया वेचायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, कागद कापायचे, ते कधी? पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण, रजिस्टरं आणि आता मोबाइलवरच्या नोंदी, एवढं उरकून उरलेल्या वेळात. म्हणजे संध्याकाळी घरी, चुलीपुढे. खळ आणि रंगासाठी अनेकदा पदरमोड. हा तो ‘शून्य’ खर्च.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कर्नाटकच्या खटल्यात सांगितलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी नागरी पद नव्हे. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि अंगणवाडीत शिक्षणही होतं, याची दखल घेतली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचं शिक्षण पायाभूत टप्प्यात धरलं. काम शिक्षणाचं, मोबदला मात्र ‘मानधन’! राज्यातल्या सेविका-मदतनीस डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या, तेव्हा हाच सवाल रस्त्यावर आला.

आणि मैत्रिणींनो, आपलं काय? ‘तिथे नुसतं खेळायला देतात’ म्हणून चिमुरड्यांना पाटीभर एबीसीडी गिरवायला पाठवणाऱ्यांत आपल्यातल्याही आया आहेत. खेळाला शिक्षण म्हणायला आपणच कचरलो, तर सेविकेला शिक्षिका कोण म्हणणार?

म्हणून महिला मंडळांच्या आणि संघटनांच्या ठरावांत तीन मागण्या आल्याच पाहिजेत. साधनं तयार करण्याचा वेळ कामाच्या तासांत धरा. साहित्याचे पैसे आगाऊ आणि सेविकेच्या हातात द्या. आणि मानधन नव्हे, शिक्षिकेचं वेतन द्या. ग्रामसभेत हा विषय सेविकेने एकटीने मांडायचा नाही. तिच्या शेजारी आपण उभं राहायचं. बिया झाडाखाली फुकट पडतात. त्या वेचणारा हात फुकटचा नाही.