खुरपं बाईचं, मशीन कुणाचं?

जातं बाईचं होतं, गिरणी आली ती बाप्याची झाली. उखळ-मुसळ बाईचं, भाताची गिरणी बाप्याची. विळा बाईचा, कापणीचं यंत्र बाप्याचं. विहिरीचं पाणी शेंदून हाताला घट्टे पडले ते बाईच्या. पण मोटर बसली आणि स्टार्टरचं बटण दाबायला घरातला बारा वर्षांचा मुलगा धावू लागला. मैत्रिणींनो, जरा आपल्याच घरात, गावात नजर फिरवून बघा. एखादं काम वाकून, घाम गाळून हाताने करायचं असतं तोवर ते ‘बायकांचं काम’ असतं. त्याला इंजिन लागलं, की तेच काम ‘बायकांना जमत नाही’ असं होऊन जातं!

आता पाळी आली आहे खुरपणीची. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनावर चालणारं ‘पॉवर वीडर’ नावाचं तण काढायचं मशीन आता गावोगाव दिसू लागलंय. समोर इंजिन, खाली गोल फिरणारी वाकडी पाती, मागे दोन मुठी. कपाशीच्या, तुरीच्या दोन ओळींमधून ते चालवत न्यायचं, म्हणजे तण उपटून मातीत मिसळलं जातं. रोपाच्या बुडाशी मात्र खुरपंच लागतं. तरी उन्हात दिवसभर उकिडवं बसून सरकत जाणं बरंच कमी होतं. कंबर आणि गुडघे आपले, त्यामुळे या मशीनचं सुख सर्वांत जास्त कुणाला, हे सांगायला नको.

मी ज्या बचत गटाबरोबर काम करते, त्या गटाने गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर असं एक मशीन घेतलं. बारा जणींनी पै-पै जमवून, कर्ज काढून घेतलेलं. दुकानातून मशीन घेऊन माणूस आला, खोकं उघडलं आणि आजूबाजूला बघत म्हणाला, “घरातल्या कुणाला तरी बोलवा ना ताई, म्हणजे नीट समजावून सांगतो.” समोर बारा बायका उभ्या! त्यातल्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, आम्हीच घरातल्या. सांगा.” बिचारा ओशाळला, पण मग त्याने खरंच मन लावून शिकवलं.

आणि शिकण्यासारखं होतं तरी किती? मी मुद्दाम सांगते, कारण ‘मशीन’ या शब्दाचीच आपल्याला धास्ती असते.

आमच्या या इंजिनात ऑइल भरलेलं नव्हतं. आधी ऑइल भरायचं, पट्टीवर पातळी बघायची, मगच हात लावायचा. कोरडं इंजिन चालू केलं तर ते कायमचं बसू शकतं. मग पेट्रोलचा कॉक उघडायचा, इंजिन थंड असेल तर चोक द्यायचा, बटण चालू करायचं आणि दोरी ओढायची. ही दोरी जोर लावून ओढायची नसते. हळू ओढत जायची, अडल्यासारखी लागली की मग एक झटका द्यायचा आणि सोडताना हातानेच हळू परत न्यायची. आमच्या गटातल्या तरुण मुलींना चार-चार वेळा ओढावं लागलं. ज्या काकूंनी जन्मभर रवीच्या दोरीने ताक घुसळलं, त्यांना दुसऱ्याच खेपेला जमलं!

चालवताना मशीनला ढकलायचं नाही. मुठी धरून फक्त दिशा द्यायची. मागे एक दांडी जमिनीत रुतते, ती खाली घेतली की मशीन सावकाश आणि खोल चालतं, वर घेतली की भराभर आणि उथळ. क्लचचा दांडा सोडला की पाती थांबतात. हे पहिल्या दिवशी मोकळ्या रानात दहा-वीस वेळा करून बघायचं. म्हणजे घाबरल्यावर हात आपोआप सुटायची सवय लागते. नाहीतर घाबरलेलं माणूस मूठ आणखी घट्ट धरतं.

नव्या इंजिनाचे पहिले तास जपायचे असतात. ‘लगेच फुल्ल रेस देऊ नका, कडक रानात घालू नका, मधेमधे विसावा द्या,’ असं त्या माणसाने सांगितलं. पहिलं ऑइल तर फार लवकर बदलायचं. काही इंजिनांना पाच तासांनी, काहींना वीस तासांनी, ते सोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. “एवढं चांगलं नवं ऑइल काढून टाकायचं?” बायका हळहळल्या. तेव्हा एका आजींनी बरोबर ओळखलं. पाट्याला टाकी लावून आणली, की आपण पहिल्यांदा त्यावर मूठभर तांदूळ वाटतो आणि टाकून देतो. का? तर दगडाची कच निघून जावी. इंजिनाचंही तेच. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात, त्यांची बारीक धातूची कच ऑइलमध्ये उतरते. ती काढून टाकली नाही तर पुढे तीच इंजिन खाते. आजींना मेकॅनिकची भाषा येत नव्हती, पण मेकॅनिकचं शास्त्र त्यांच्या स्वयंपाकघरात कधीपासूनच होतं.

एका गोष्टीची भीती मात्र बाळगायलाच हवी, ती म्हणजे फिरणाऱ्या पात्याची. पदर, ओढणी, सुटी वेणी, लोंबतं मंगळसूत्र यांतलं काहीही गुंतलं तर ओढलं जायला क्षणही लागत नाही. शेतात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची आपल्याकडे रीतच आहे. मशीनवर त्या शर्टाखाली सलवार किंवा पँट घाला, केस बांधा, पायात बंद बूट घाला. कुणी हसलं तर हसू द्या. पात्यात गवत गुंडाळलं गेलं तर आधी इंजिन बंद करायचं, प्लगची टोपी काढायची आणि मगच लाकडाने ते गवत काढायचं. हात कधीच घालायचा नाही.

झालं, एवढंच! दोन दिवसांत आमच्या पाच जणी तयार झाल्या. गटाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर आता मशीनचे तास लिहिले जातात. कोणत्या दिवशी किती तास चाललं, ऑइल कधी बदललं, एअर फिल्टर कधी साफ केला, सगळं. किराणा आणि दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला यात अवघड ते काय?

आता विरोधी मुद्दाही मांडते, कारण तो खरा आहे. गावातल्या एका भूमिहीन बाईने मला तोंडावर विचारलं, “ताई, तुमचं मशीन खुरपणार, मग आम्ही काय खायचं?” खुरपणीची मजुरी हाच अनेक घरांचा पावसाळ्यातला आधार असतो. मशीन एका दिवसात जेवढं रान उरकतं, तेवढ्या दिवसांची मजुरी कुणाच्या तरी पदरातून जाते. या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पण मशीन आता कुणी थांबवू शकत नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्या मुठी कुणाच्या हातात असणार? पुरुषाच्या हातात गेल्या तर बाईची मजुरी जाते आणि भाड्याचे पैसेही त्याच्याच खिशात जातात. बाईच्या हातात राहिल्या तर निदान कमाई तरी तिच्या घरी येईल. म्हणूनच आमच्या गटाने त्या बाईला सभासद करून घेतलं. आता ती भाड्याच्या कामावर मशीन चालवते.

सरकारच्या योजनांकडेही जरा डोळे उघडून बघायला हवं. २०१४-१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि लहान शेतकरी यांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत, तर इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. हेतू चांगलाच. पण होतं काय, की दहा टक्के जास्त मिळतात म्हणून अर्ज बायकोच्या नावाने भरला जातो, सही किंवा अंगठा तिचा, आणि मशीन आलं की तिने त्याला हळदकुंकू वाहायचं. पुढे किल्ली भाऊजींकडे! कागदावर मालकीण आणि बांधावर प्रेक्षक.

शिवाय तेवढ्यासाठीही आधी सातबारावर नाव लागतं. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशात स्त्रियांच्या नावे असलेली वहिवाटीची खाती जेमतेम १४ टक्के होती. आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम घेतली आणि बायकोच्या नावे जमीन करून द्यायला पुरुषांना सांगितलं. इतकी वर्षं झाली, तरी आपल्यापैकी किती जणींचं नाव त्या कागदावर आहे?

आणखी एक गोष्ट. २०२३ साली केंद्राने मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना ड्रोनबरोबर सभासद बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षणही ठेवलं होतं. म्हणजे आकाशात उडणारं यंत्र बाई शिकू शकते, हे सरकारला मान्य आहे. मग जमिनीवर चालणाऱ्या यंत्राच्या अनुदानालाही ‘जिच्या नावावर मशीन, तिला प्रशिक्षण’ अशी साधी अट का नसावी? भुवनेश्वरला १९९६पासून शेतकरी स्त्रियांसाठी राष्ट्रीय संशोधन संस्था काम करते आहे. बाईच्या उंचीला, ताकदीला जुळतील अशी अवजारं हा तिच्या कामाचाच भाग आहे. तशी अवजारं तालुक्याच्या दुकानात मागितली तर पाहिजेत. मागायचं कुणी? आपणच.

हे फक्त शेतातल्या बायांसाठी नाही, बरं का. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या आपल्यालाही इन्व्हर्टरचं पाणी, टाकीची मोटर, गॅसचा रेग्युलेटर यासाठी ‘हे येतील तेव्हा बघतील’ म्हणायची सवय असतेच की. घरात नवं मशीन आलं, तर समजावून सांगायला माणूस येईल त्या दिवशी भजी तळायला आत जाऊ नका. चहा कुणीही करेल. तुम्ही समोर उभ्या राहा, प्रश्न विचारा, स्वतः एकदा चालू-बंद करून दाखवा आणि ते पुस्तक तुमच्या कपाटात ठेवा. पहिल्या वीस तासांत इंजिन बसतं आणि हातही. ते वीस तास दुसऱ्या कुणाला देऊ नका.