दत्तकाचा आदेश न्यायालयानेच द्यावा

मूल दत्तक घेण्यासाठी आता कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, याचे बरेच स्वागत झाले. बाल न्याय कायद्यातील दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि दत्तकाचा अंतिम आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मुलांना लवकर घर मिळावे, हा हेतू चांगलाच होता. निवडलेला मार्ग मात्र चुकला.

दुरुस्तीचे मुख्य कारण सांगितले गेले ते न्यायालयांतील विलंबाचे. जुलै २०१८ मध्ये देशभरात ६२९ अर्ज प्रलंबित होते. मात्र २०१७-१८ या वर्षात देशात व परदेशात मिळून सुमारे ३,९०० मुले दत्तक गेली होती. म्हणजे शिल्लक होती साधारण दोन महिन्यांच्या कामाएवढी, आणि अर्ज निकाली काढण्याची कायद्यातील मुदतही दोन महिन्यांचीच! काही न्यायालयांत अर्ज मुदतीपलीकडे रखडले, हे खरे. मूल घरी रुळलेले असते, पण आदेशाअभावी जन्मदाखल्यावर नव्या आई-वडिलांची नावे चढत नाहीत. त्या कुटुंबांची घालमेल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण खरी प्रतीक्षा त्याच्या कितीतरी आधी असते. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदवलेल्या जोडप्यांना तीन-तीन वर्षे थांबावे लागते, कारण बालकल्याण समितीने दत्तकासाठी मुक्त घोषित केलेली मुलेच थोडी आहेत. संस्थांमधील अनेक मुले त्या घोषणेपर्यंत पोहोचतच नाहीत. ही गाठ न सोडवता आदेशावरची सही बदलणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शिवाय दत्तकाचा आदेश हा उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला नव्हे. त्याने जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते आणि नवे नाते, नाव, वारसाहक्क कायमचे जोडले जातात. २०२१ मध्ये केरळात एका आईने तक्रार केली की, तिच्या संमतीविना तिचे बाळ दत्तकासाठी दिले गेले. बाळ तोवर आंध्र प्रदेशातील एका जोडप्याकडे दत्तकपूर्व संगोपनासाठी पोहोचले होते. तिरुवनंतपुरमच्या कुटुंब न्यायालयाने अंतिम आदेश रोखला, डीएनए चाचणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये बाळ आईच्या कुशीत परतले. आज असाच अर्ज जिल्हाधिकाऱ्यांसमोर येईल आणि त्यांच्या आदेशावरचे अपील विभागीय आयुक्तांकडे जाईल. दोन्ही टप्प्यांवर निर्णय प्रशासनाचाच.

या देशातील दत्तकाची व्यवस्था घडवली ती न्यायालयांनी. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांबद्दल ॲड. लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यातूनच १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी घालून दिलेले नियम आले. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येते, हे २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले. नवी दुरुस्ती लागू झाल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानेही प्रलंबित अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करण्यास अंतरिम स्थगिती दिली.

जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यक्षमतेवर येथे शंका नाही. निवडणूक, पूर, टंचाई, भूसंपादन या साऱ्यांचा भार ज्या टेबलावर आहे, तिथे एका बाळाची फाइल नेहमीच वर राहील, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

म्हणून संसदेने हा अधिकार न्यायालयाकडे परत द्यावा. गृहभेट अहवाल, संमतीपत्रे आणि इतर कागद पूर्ण असल्याची खातरजमा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अर्जाआधीच करावी. प्रत्येक जिल्ह्यात दत्तकाच्या अर्जांसाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवावा. दोन महिन्यांत निकाल लागला नाही, तर त्याची कारणे न्यायाधीशांनी लेखी नोंदवून उच्च न्यायालयाला कळवावीत. महाराष्ट्रातील खासदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी मांडावी.

— एक वाचक, पुणे