तेलावाचून उटणे

दिवाळी जवळ आली की आम्हां मराठी माणसांना उटण्याची आठवण होते, आणि उटण्यामागोमाग आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाचा अभिमानही उफाळून येतो. यंदा त्या अभिमानाविरुद्ध दोन शब्द लिहिण्याचे मी योजिले आहे. ते कडू लागतील. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावणारा समाज एवढा कडवटपणा सोशील, असा माझा भरवसा आहे.

गेल्या चैत्रात, वार्षिक परीक्षेच्या सुमारास, माझ्या वर्गातील एक मुलगी ओढणीने तोंड झाकून बसू लागली. तिची आई विड्या वळते. थोरल्या मुलीला पाहायला मंडळी येणार होती; धाकटीही जरा उजळावी म्हणून दोघींच्या तोंडाला मुलतानी माती, कागदी लिंबाचा रस आणि खायचा सोडा यांचा लेप चोपडला आणि तो वाळेस्तोवर त्यांना अंगणात बसविले. धाकटीची त्वचा मुळातच कोरडी आणि नाजूक. त्यात आमचे सोलापूरचे ऊन! गालांवर लाल चट्टे उठले, पुढे त्यांचे काळे डाग झाले. आई मला म्हणाली, "बाई, सगळं घरचंच होतं हो! बाजारचं काही लावलं नाही."

माझा सारा राग आहे तो या 'घरचंच' शब्दावर.

माझे शिक्षण मॅट्रिकचे. पण लिटमसचा कागद मलाही ठाऊक आहे. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. लिंबाच्या रसाचा दोनाच्या जवळ, सोड्याच्या पाण्याचा आठाच्या वर. यातली प्रत्येक पायरी दसपटीची; म्हणजे लिंबू त्वचेहून सुमारे हजारपट आम्ल! शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात, की ती अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजते, आणि मागे राहिलेला डाग कित्येक महिने हटत नाही. मुलतानी मातीचा गुण तेल शोषण्याचा. तेलकट चेहऱ्याला तो उपकारक असेल, पण जिथे तेलाचाच दुष्काळ तिथे ती काय शोषणार? लिंबू झाडावर पिकते आणि माती जमिनीतून निघते, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. बिब्बाही झाडालाच लागतो. तो कोणी गालाला लावील काय?

पूर्वजांचे नाव घेणाऱ्यांनी पूर्वजांची रीत तरी नीट पाहावी. अभ्यंगात आधी तेल, मग उटणे. अंगात तेल मुरवायचे आणि वरचे तेवढे उटण्याने काढायचे, असा तो क्रम होता. आम्ही तेल टाकून दिले आणि घासणे तेवढे ठेवले! ज्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत, पौषातल्या कोरड्या थंडीत, सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांना यण्णीमज्जन म्हणून तेलाचा अभिषेक होतो, त्या गावात दगडाला तेल मिळावे आणि पोरीच्या गालाला सोडा?

याचे कारण उघड आहे. या लेपांचा हेतू त्वचा मऊ करण्याचा नाहीच; तो गोरे करण्याचा आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' शब्द गाळला. नळीवरून गेलेला तो शब्द आमच्या स्वयंपाकघरात मात्र ठाण मांडून बसला आहे.

मग घरगुती लेप टाकूनच द्यावेत काय? मुळीच नाही. कोरड्या त्वचेला दुधाची साय लावावी, किंवा चमचाभर मधात चार थेंब तिळाचे तेल घालून लावावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. तिथे खाज आली, तर तोंडाला लावूच नये. दहा मिनिटांत, लेप वाळून ताणण्यापूर्वी, कोमट पाण्याने तो धुवावा, घासू नये. चेहरा ओलसर असतानाच वर तेलाचा हात फिरवावा. तेल सोसत नसेल तर दुकानातले बिनवासाचे साधे व्हॅसलीन लावावे. ते बाजारचे म्हणून पाप लागत नाही. आणि कातडी फुटली वा भाजली असेल, तर सारे लेप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

त्या मुलीने मला विचारले होते, "बाई, डाग जातील ना?" मी म्हटले, "जातील, पण वेळ लागेल. उन्हात जपून राहा." तिचा दुसरा प्रश्न होता, "आणि रंग?" त्याचे उत्तर माझ्याजवळ होते, पण ते तिने नव्हे, तिच्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींनी ऐकायला हवे होते. ती मंडळी माझ्या शाळेत येत नाहीत. दिवाळी अंक मात्र त्यांच्या घरी जात असेल, म्हणून इथे लिहिते: पोरींचे रंग पारखणे आधी तुम्ही थांबवा, मग लेपाचे काय करायचे ते त्या पाहून घेतील.