हीट पंपचा हिशेब बादल्यांपासून

हीट पंप कॉइल तापवून पाणी गरम करत नाही, तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंपाचे काम त्याच धर्तीवर, फक्त बाहेर टाकलेली उष्णता इथे कामाला लावलेली असते. पंखा बाहेरची हवा नळ्यांवरून फिरवतो, नळ्यांतला गॅस त्या हवेतून उष्णता घेतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबून आणखी तापवतो आणि ती उष्णता टाकीतल्या पाण्यात उतरते. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्यापुरती. गीझरच्या कॉइलमधून 1 युनिट विजेत 1 युनिटच उष्णता मिळते, हीट पंपातून सुमारे 3 युनिट. या पटीला सीओपी म्हणतात.

तिप्पट म्हटल्यावर कोणालाही मोह पडतो. पण यंत्र घरात परवडेल की नाही हे सीओपीपेक्षा त्या घरातल्या आंघोळींवर ठरते. पुण्यातले चौघांचे घर घ्या. हिवाळ्यात नळाचे पाणी 22 अंश आणि टाकीतले 55 अंश धरले, तर आंघोळीच्या 40 अंशांच्या 20 लिटरच्या बादलीत जेमतेम 11 लिटर गरम पाणी जाते. चार बादल्या आणि वरचे थोडे, मिळून 50 लिटर. ते तापवायला गीझर दोन युनिटांच्या थोडा वर जातो. हीट पंप टाकीतली उष्णतेची गळती धरूनही युनिटभरात काम उरकतो. बचत दिवसाला सव्वा युनिट. 10 रुपये युनिट आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 3,750 रुपये. हीट पंपासाठी गीझरपेक्षा 60 हजार रुपये जास्त मोजले असतील, तर ते फिटायला 16 वर्षे लागतील. तोवर यंत्रच जुने होऊन जाईल.

त्याच घरात शॉवर असेल तर गणित पालटते. शॉवरखाली सहा-सात मिनिटांत पन्नास-साठ लिटर पाणी जाते. वरचे थोडे धरून चौघांना मिळून टाकीतले सव्वाशे ते दीडशे लिटर गरम पाणी लागते. दीडशे लिटरसाठी गीझर सहा युनिट घेतो, हीट पंप दोन. रोजची बचत 4 युनिट, वर्षाची 12 हजार रुपये. जास्तीचे 60 हजार पाच वर्षांत निघतात. महावितरणच्या बिलात युनिट वाढतील तसा दर चढतो, त्यामुळे वरच्या टप्प्यातल्या घरांना याहून लवकर फायदा दिसतो. म्हणून बादलीने आंघोळ करणाऱ्या मुंबईकर कुटुंबाने हीट पंपाच्या भानगडीत पडू नये. तिथे नळाचे पाणी मुळातच कोमट असते, चांगल्या स्टार रेटिंगचा छोटा गीझर पुरे. एकत्र कुटुंब, बंगला, होमस्टे, वसतिगृह ही हीट पंपाची खरी ठिकाणे.

टाकी निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. घरगुती हीट पंप सावकाश तापवतो. कॉम्प्रेसर 500 वॅटचा असेल तर 200 लिटर पाणी 30 अंशांनी चढवायला चार-पाच तास जातात. लहान टाकी घेऊन पैसे वाचवले, की तिसऱ्या माणसाला गार पाणी मिळते आणि मग मदतीची कॉइल चालू होते.

स्वस्त यंत्रांची खरी मेख या कॉइलमध्येच आहे. बहुतेक हीट पंपांत दीड-दोन किलोवॅटची कॉइल जोडीला असते. कॉम्प्रेसर लहान ठेवून उरलेला भार तिच्यावर टाकला की किंमत उतरते, पाणीही वेळेत तापते, पण वीज जवळपास गीझरइतकी जळते. कॉइल वेगळ्या बटणावर आहे का आणि पूर्ण बंद ठेवता येते का, हे दुकानातच चालवून पाहावे. पत्रकावरचा सीओपी किती अंशांच्या हवेत मोजला आहे, तेही विचारावे. हवा जितकी थंड आणि पाणी जितके जास्त तापवायचे, तितका तो घसरतो. निफाड-नाशिककडच्या जानेवारीतल्या पहाटे यंत्राला जे झेपत नाही, ते दुपारच्या उन्हात सहज झेपते. त्यामुळे टायमर हवाच. दुपारी तापवलेले पाणी चांगल्या आवरणाच्या टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत टिकते. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर दुपारची वीज तिथल्या तिथे वापरली जाते. निव्वळ सौर बंब पावसाळ्यात ढेपाळतो. हीट पंपाला ऊन लागत नाही, मोकळी हवा लागते.

म्हणूनच तो बाथरूमच्या माळ्यावर किंवा बंद खोलीत बसवू नये. तिथली हवा काही वेळातच गार होते आणि यंत्र धापा टाकते. फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी बरी, मात्र पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीकडे नको. हवेतली वाफ नळ्यांवर निवून सतत पाणी ठिबकते, त्याला वाट काढून द्यावी लागते. भरलेल्या 200 लिटर टाकीचे वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते, तेव्हा बाल्कनीचा स्लॅब आधी जाणकाराला दाखवावा. कोकणपट्टीत खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्या खाते. तिथे लेप दिलेल्या पात्याच घ्याव्यात.

बोअरचे पाणी हा यंत्राचा मोठा शत्रू. क्षार टाकीत साचतात, लोखंड गंजते. इनॅमलच्या टाकीत गंज स्वतःवर घेणारी मॅग्नेशियमची कांडी असते. ती झिजली की टाकीची पाळी येते. वर्षातून एकदा ती काढून पाहावी आणि अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदलावी. नवी कांडी टाकीच्या मानाने अगदी स्वस्त पडते. टाकी आणि कॉम्प्रेसरची हमी बहुधा वेगवेगळी असते, दोन्ही लेखी घ्याव्यात. कांडी न बदलल्यास हमी रद्द होते का, हेही त्याच कागदावर वाचावे. यंत्र दुरुस्त करणारा माणूस गावात किंवा तालुक्याला आहे का, याची चौकशी मात्र पैसे मोजण्याआधी झालेली असावी.