मजुरी आणि मालकी

मोबाइल फोन आता भारतात तयार होऊन परदेशी जातात, याचा आनंद जरूर मानावा. पण बँकेत आयुष्य काढलेला माणूस उलाढालीबरोबर पदरात काय उरले तेही पाहतो. फोनमधली चिप बाहेरची, जोडणीची यंत्रेही बव्हंशी बाहेरचीच. आपल्या वाट्याला येते ती मुख्यतः मजुरी.

असे का व्हावे? मोहालीच्या सरकारी चिप-कारखान्यात १९८४ साली उत्पादन सुरू झाले. १९८९च्या आगीत तो होरपळला आणि पुन्हा उभा राहीपर्यंत जग कितीतरी पुढे निघून गेले. पुढे १९९७च्या माहिती-तंत्रज्ञान कराराने चिपांवरचे आयातशुल्क शून्यावर आणणे भाग पडले. घरच्या उद्योगाला आडोसाही उरला नाही.

२०२१ साली केंद्राने या उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ती हवीच होती. परंतु कारखान्याप्रमाणेच आराखड्यालाही पैसा लागतो. आपल्या बँकांचा जीव अजून जमिनीत आणि यंत्रांत अडकलेला. पुण्या-बंगळूरच्या तरुण अभियंत्यापाशी तारण ठेवायला असते फक्त त्याची विद्या. तिच्यावर पैसा लावून दहा वर्षे थांबण्याची तयारी कोणी दाखवणार आहे का? नसेल, तर कारखाने कितीही निघोत, आपण जगाचे जोडारीच राहू.